रेनाता

अलिआगाच्या किनाऱ्यात ती नाक खुपसून उभी आहे
मंगळवारपासून.
मी वही उघडतो.
रकाना पहिला : नाव.

इथेच अडतं.
रंगाचे पोपडे, आणि त्यांच्या खाली
वेल्डिंगच्या उंचवट्यांनी लिहिलेली तीन नावं
एकमेकांवर रेललेली.
तिरप्या उन्हात तिन्ही वाचता येतात,
भर दुपारी एकही नाही.

रकाना दुसरा : तुर्कू, फिनलंड,
एकोणीसशे बाहत्तर, फेब्रुवारी.
बर्फ फोडणारी बोट पुढे गेली, मग ही.
लांबी एकशे त्रेसष्ट मीटर. ही ओळ खोडलेली.
शेजारी वेगळ्या शाईत : एकशे एकोणनव्वद.

झ्वोनिमिर, तिचा शेवटचा मुख्य इंजिनीयर,
आकड्यावर बोट ठेवून सांगतो :
अठ्ठ्याहत्तर साली गोदीत तिला मधोमध कापलं,
दोन्ही अर्धी लांब सरकवली,
मध्ये सव्वीस मीटरचा तुकडा बसवला,
केबिनींचा, पडद्यांसकट.
डावीकडचा पाण्याचा पाइप त्या सांध्याशी
गळायचा, कायमचा,
थंडीत जुनं हाड ठणकावं तसा.

पहिल्यांदा कापली ती वाढवायला.
हे मी लिहीत नाही. याला रकाना नाही.

इंजिनं चार, नऊ-नऊ सिलिंडरची,
अठरा हजार अश्वशक्ती, वेग साडेवीस नॉट.
कागदावर.
खरं तर तीनच चालायची,
चौथ्याचे अवयव तिघांत वाटून टाकलेले,
आणि चौदाच्या वर गेलं की
जेवणघरातले चमचे बोलायला लागायचे.
डोलणं आवरायला पोटाशी दोन पंख.
उजवा एकदा मिटला तो मिटलाच.
तेव्हापासून जाणते प्रवासी डावीकडची केबिन मागून घ्यायचे.
उगीचच. जहाज काही अर्धं डोलत नाही.

सहा हिवाळे कॅरिबियन, उन्हाळ्यात नॉर्वे.
मग मालक बुडाला, जहाज नाही.
मग बार्सिलोनाच्या धक्क्याला बांधलेलं हॉटेल.
मग ग्रीक कंपनी : तीन दिवसांत पाच बेटं,
आणि एक जॉर्जियन वाद्यवृंद,
जो पगार थकल्यावर पियानोला कुलूप घालून उतरला.
यादीत आहे तो. पियानो, एक, बंद.

साथीच्या वर्षी पिरेअसबाहेर नांगर टाकून होती.
अकरा माणसं, सातशे रिकाम्या खाटा.
तारा सर्दावू नयेत म्हणून झ्वोनिमिर
रोज रात्री एकेका मजल्याचे दिवे लावायचा,
आज चौथा, उद्या पाचवा.
किनाऱ्यावरच्यांना वाटायचं, आत लग्न आहे.

शेवटच्या फेरीला कुणी नवं नाव विकत घेत नाही.
सेरेनाता होती ती.
सुरुवातीची दोन रोमन अक्षरं पांढऱ्या रंगाने बुजवली,
मागे कोमोरोसचा झेंडा बांधला, घडीच्या रेषा न मोडलेला.
उरलं ते रेनाता.
"लॅटिनमध्ये याचा अर्थ पुन्हा जन्मलेली,"
झ्वोनिमिर म्हणाला. हसला नाही.
दोनच अक्षरं का, म्हणून मी विचारलं.
तेवढाच रंग होता डब्यात.

तो रियेकाला गेला, रात्रीच्या बसने.
जाताना चहाचा ग्लास बशीवर उपडा ठेवला
आणि बजावलं : त्या सांध्याशी जपून.

बेदिर्हान तोकातचा. त्याने नाकापासून सुरुवात केली,
तिन्ही नावं एका दुपारी उतरवली,
क्रेनने ती रेतीवर पालथी घातली.
एकोणिसाव्या दिवशी त्याची ज्योत
डाव्या बाजूच्या त्या जुन्या जोडापाशी पोचली
आणि कोमट, तांबूस पाणी
त्याच्या बुटांवर आलं.
त्याने शिवी हासडली, दोन पावलं मागे सरला, वाट पाहिली.
बराच वेळ येत राहिलं.

वजन, नऊ हजार आठशे टन, मी लिहिलं.
मग खाली, समासात, बारीक अक्षरात :
गळती, डावी बाजू.